जेट इंजिनांचा थ्रस्ट जुळवताना: लिव्हर एका रेषेत आणावेत की मापके?

दोन किंवा अधिक इंजिनांच्या जेट विमानात सगळे थ्रस्ट लिव्हर एका रेषेत उभे असले की सगळी इंजिने सारखाच जोर लावत आहेत, असा समज सहज होतो. जुन्या हायड्रोमेकॅनिकल (केबल आणि द्रवदाबाने नियंत्रित होणाऱ्या) इंजिनांवर तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो आणि आजच्या संगणक-नियंत्रित इंजिनांवरही तो डोळे मिटून मान्य करण्याजोगा नाही. जुळवायचा असतो तो थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा पुढे ढकलणारा जोर. त्यासाठी लिव्हर जिथे जाऊन थांबतील तिथे त्यांना थांबू द्यावे आणि त्यांच्यात जे अंतर उरेल ते पुसून न टाकता वाचावे, कारण इंजिन, केबल किंवा मापक यांपैकी कशात तरी काय चालले आहे याची पहिली खबर बहुधा त्या अंतरातूनच मिळते.

वैमानिक प्रशिक्षणार्थी, विमान देखभाल अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि सिम्युलेटरवर गांभीर्याने सराव करणारे वाचक डोळ्यांसमोर ठेवून पुढील मांडणी केली आहे. ठरावीक आकडे आणि मर्यादा विमानाच्या प्रकारानुसार बदलतात. प्रत्यक्ष विमानावर त्या विमानाची मंजूर पुस्तिका हेच अंतिम प्रमाण.

लिव्हर नेमके काय मागतो

हायड्रोमेकॅनिकल व्यवस्थेत लिव्हरपासून पोलादी केबल निघते, कप्प्यांवरून वळत पंखातून किंवा धडातून इंजिनापर्यंत जाते आणि तिथे इंधन नियंत्रकाचा दांडा फिरवते. हा नियंत्रक बहुतेक इंजिनांत गाभ्याची गती, म्हणजे उच्चदाब रोटरची एन-२ गती, ठरवतो. लिव्हरने मागितलेली एन-२ मिळेपर्यंत तो इंधन वाढवतो किंवा कमी करतो. थ्रस्ट मात्र मुख्यतः पुढच्या पंख्यातून येतो. मोठ्या बायपास गुणोत्तराच्या (बरीचशी हवा गाभ्याबाहेरून नेणाऱ्या) इंजिनात एकूण थ्रस्टचा सुमारे चार-पंचमांश भाग पंख्याचा असतो. म्हणजे वैमानिक मागतो गाभ्याची गती आणि त्याला हवी असते पंख्याची. या दोहोंमधले नाते इंजिनाच्या वयावर अवलंबून राहते. कंप्रेसरची पाती मळली, टर्बाइनच्या टोकाशी फट वाढली, ब्लीड झडप (कंप्रेसरमधून हवा बाहेर काढणारी) किंचित गळू लागली, की तीच एन-२ असताना पंख्याची गती बदलते. एक इंजिन नुकतेच दुरुस्त होऊन आलेले आणि दुसरे हजारो तास चाललेले असेल, तर लिव्हर नेमके समांतर ठेवून थ्रस्ट जुळणे हा योगायोगच म्हणावा लागेल.

मधला टप्पा बोइंग ७३७-३०० मालिकेवरील सीएफएम५६-३ इंजिनाचा. त्यात मूळ हायड्रोमेकॅनिकल नियंत्रक एन-२ सांभाळतो आणि त्याच्यावर बसवलेला मर्यादित अधिकाराचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, म्हणजे पीएमसी, लिव्हरच्या कोनाला साजेशी एन-१, म्हणजे पंख्याची गती, मिळावी म्हणून इंधनात बारीक फेरफार करतो. पीएमसी चालू असताना लिव्हर बऱ्यापैकी जवळ राहतात. एका इंजिनाचा पीएमसी बंद केला की लगेच अंतर दिसू लागते.

पूर्ण अधिकाराची डिजिटल व्यवस्था, अर्थात फाडेक, नागरी विमानसेवेत प्रथम आली ती १९८४ मध्ये, बोइंग ७५७ वरील प्रॅट अँड व्हिटनीच्या पीडब्ल्यू२०३७ इंजिनासोबत. तिथे लिव्हरचा कोन विद्युत संवेदकाने मोजला जातो, तो दोन स्वतंत्र वाहिन्यांना पाठवला जातो आणि संगणक थेट एन-१ किंवा ईपीआरचे (इंजिनातील दाबांच्या गुणोत्तराचे) लक्ष्य ठरवतो. इंजिन जुने असो वा नवे, त्याच कोनाला तेच लक्ष्य मिळते. म्हणून फाडेक इंजिनांवर लिव्हरमध्ये ठळक अंतर ठेवावे लागत असेल, तर ते ‘चालायचेच’ म्हणून सोडून देता येत नाही.

कोणत्या मापकावर विश्वास ठेवायचा

थ्रस्ट थेट मोजणारे मापक विमानात नसते. त्याऐवजी दोनपैकी एक सूचक वापरला जातो. जनरल इलेक्ट्रिक आणि सीएफएमच्या इंजिनांवर पंख्याची गती, म्हणजे एन-१, हा मुख्य सूचक. प्रॅट अँड व्हिटनीची बरीच इंजिने, व्ही२५०० आणि रोल्स-रॉइसची अनेक इंजिने ईपीआर वापरतात. टर्बाइनमागील एकूण दाब भागिले इंजिनाच्या तोंडाशी असलेला एकूण दाब असे हे गुणोत्तर असते. आपल्या इंजिनाचा जो मुख्य सूचक असेल त्यावरच इंजिने जुळवायची, हा पहिला नियम.

दुसरा नियम असा की, ईजीटी (बाहेर पडणाऱ्या वायूंचे तापमान) किंवा इंधनप्रवाह जुळवण्याच्या मागे लागायचे नाही. थकलेले इंजिन तेवढ्याच थ्रस्टसाठी जास्त इंधन पिते आणि जास्त तापते, हे त्याचे स्वाभाविक वागणे आहे. दोन्ही ईजीटी सारखे दिसावेत म्हणून त्याचा लिव्हर मागे घेतला, तर थ्रस्ट असमान होतो आणि विमानाचे नाक त्या बाजूला वळते. ईजीटी, एन-२ आणि इंधनप्रवाह यांचे काम साक्ष देण्याचे. मुख्य सूचक जे सांगतो ते खरे आहे का, हे त्यांच्याकडून पडताळून घ्यायचे.

ही पडताळणी किती महत्त्वाची आहे ते १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळावरून निघालेल्या एअर फ्लोरिडाच्या ९० क्रमांकाच्या उड्डाणाने दाखवले. बर्फ पडत असताना इंजिनांची बर्फरोधक यंत्रणा बंद होती. इंजिनाच्या तोंडाशी दाब मोजणाऱ्या नळ्या गोठल्या आणि ईपीआर मापके २.०४ दाखवू लागली, तेव्हा प्रत्यक्षातला ईपीआर सुमारे १.७० होता. विमान पोटोमॅक नदीवरील पुलावर आदळले. विमानातले आणि पुलावरचे मिळून ७८ लोक मृत्युमुखी पडले. जुळवणीच्या दृष्टीने या घटनेतला बोचरा भाग असा की दोन्ही ईपीआर एकमेकांशी व्यवस्थित जुळत होते. दोन्ही सारखेच खोटे बोलत होते. एन-१, इंधनप्रवाह आणि ईजीटी मात्र त्या ईपीआरच्या मानाने स्पष्टपणे कमी होते. तेव्हा दोन इंजिने एकमेकांशी जुळतात का, हा प्रश्न विचारण्याआधी प्रत्येक इंजिनाची मापके आपापसांत जुळतात का, हे पाहावे.

एन-१ मधील फरकाचे वजनही लक्षात असू द्यावे. थ्रस्ट पंख्याच्या गतीच्या सम प्रमाणात वाढत नाही. वरच्या टोकाला तो फार वेगाने वाढतो. उड्डाणाच्या शक्तीजवळ एन-१ मधला एक टक्का ढोबळमानाने थ्रस्टमधील दोन ते तीन टक्के असतो, तर आयडलजवळ, म्हणजे इंजिनाच्या किमान गतीजवळ, तोच एक टक्का जवळपास नगण्य असतो. म्हणून आयडलला दिसणाऱ्या दीड टक्क्याच्या फरकाने अस्वस्थ होण्याचे कारण नाही. उड्डाणाच्या वेळी तेवढाच फरक दिसला तर मात्र त्याचे कारण शोधावे लागेल.

उड्डाणापूर्वी, जमिनीवर

इंजिने सुरू होऊन स्थिर झाली की दोन्ही लिव्हर पूर्ण मागे, थांब्याला टेकलेले आहेत याची हाताने खात्री करावी. मग आयडलची एन-२, एन-१, ईजीटी आणि इंधनप्रवाह या चारांची जोडीजोडीने तुलना करावी. एका इंजिनावर बर्फरोधक चालू आणि दुसऱ्यावर बंद असेल, किंवा वातानुकूलनासाठी एकाच इंजिनातून ब्लीड हवा घेतली जात असेल, तर तुलना निरर्थक ठरते. आधी दोन्ही बाजू सारख्या कराव्यात.

टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेताना, पाहण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे आणि ती बहुतेक जण पाहत नाहीत. दोन्ही लिव्हर एकाच तळहाताने किंचित पुढे सरकवावेत आणि परत आणावेत. एक लिव्हर हलका आणि दुसरा जड लागतो का, एक इंजिन आधी प्रतिसाद देते का, मागे आणल्यावर दोन्ही पूर्वीच्याच आकड्यावर येतात का, हे मनात नोंदवून ठेवावे. हाताला जाणवलेला हा जडपणा पुढे ऑटोथ्रॉटलचे (लिव्हर आपोआप हलवणाऱ्या यंत्रणेचे) वागणे समजून घेताना कामी येतो.

उड्डाणाची शक्ती लावताना

थ्रस्ट जुळवण्याची सर्वांत नाजूक वेळ हीच. धावपट्टीच्या मध्यरेषेवर विमान सरळ उभे केल्यावर लिव्हर एका दमात पुढे ढकलू नयेत. पहिल्या टप्प्यात सगळी इंजिने एका मधल्या गतीवर आणून स्थिर होऊ द्यावीत. बोइंग ७३७ च्या नव्या मालिकेत ही गती सुमारे ४० टक्के एन-१ असते, तर एअरबस ए३२० वर सीएफएम इंजिनांसाठी सुमारे ५० टक्के एन-१ आणि व्ही२५०० साठी सुमारे १.०५ ईपीआर.

हा टप्पा केवळ शिस्तीसाठी नाही. आयडलजवळ जेट इंजिन सुस्त असते. कंप्रेसर सर्ज होऊ नये, म्हणजे आतली हवा उलटी उसळू नये, म्हणून इंधन नियंत्रक वाढ मोजूनमापून देतो आणि दोन इंजिनांचे वेग घेण्याचे वेळापत्रक कधीच तंतोतंत सारखे नसते. प्रमाणीकरणाच्या नियमांत किमान उड्डाण-आयडलपासून ठरलेल्या उड्डाणशक्तीच्या ९५ टक्क्यांपर्यंत जाण्यास इंजिनाला पाच सेकंदांपर्यंत मुभा आहे. दोन्ही इंजिने नियमात बसत असली, तरी एकाला साडेतीन आणि दुसऱ्याला साडेचार सेकंद लागू शकतात. त्या मधल्या सेकंदात एक इंजिन जवळपास पूर्ण जोरात आणि दुसरे अर्ध्यावर असते, आणि ते अशा वेळी, जेव्हा वेग इतका कमी असतो की रडरला (नाक वळवणाऱ्या शेपटीवरील उभ्या सुकाणूला) हवेचा आधार मिळत नाही. ओल्या धावपट्टीवर पुढचे चाक घसरू लागले तर विमान बाजूला जायला वेळ लागत नाही. ४० ते ५० टक्क्यांच्या पुढे मात्र इंजिने चपळ होतात आणि त्यांच्यातला वेळेचा फरक जवळजवळ संपतो. म्हणून सुस्त पट्टा आधी सोबत ओलांडायचा आणि मगच पुढे जायचे.

दोन्ही आकडे स्थिर झाले की लिव्हर संथपणे, पण न थांबता, लक्ष्याजवळ न्यावेत. हाताने शक्ती लावत असाल तर लक्ष्याच्या किंचित अलीकडे थांबावे, कारण वेग वाढू लागला की तोंडाशी येणाऱ्या हवेचा दाब बदलतो आणि आकडे आपोआप थोडे सरकतात. एका इंजिनाचा आकडा आधी नेमका लावावा, मग दुसरा त्याला जुळवावा. दोन्ही एकाच वेळी बारीक करू पाहणाऱ्याचा हात मागेपुढे होत राहतो आणि एकही नीट लागत नाही. हे काम ठरलेल्या वेगाआधी संपलेच पाहिजे. ७३७ वर ही सीमा ६० नॉट्सची आहे. त्यानंतर अर्ध्या टक्क्याच्या फरकामागे धावण्यात अर्थ नाही. एकाने मापके पाहावीत, दुसऱ्याने बाहेर पाहावे. फरक मोठा असेल तर तो आता जुळवणीचा विषय राहिलेला नसतो. उड्डाण थांबवायचे की नाही, हा निर्णय घ्यायचा असतो.

चढताना, ऑटोथ्रॉटलसोबत

चढाईत थ्रस्टची मर्यादा उंची आणि तापमानानुसार सरकत राहते. ऑटोथ्रॉटल नसलेल्या जुन्या विमानावर लिव्हर एकदा लावून विसरता येत नाहीत; काही हजार फुटांगणिक मर्यादेचा आकडा पाहून सगळी इंजिने पुन्हा जुळवावी लागतात. ऑटोथ्रॉटल असलेल्या विमानात हे कष्ट वाचतात आणि त्याबरोबर हाताला मिळणारी माहितीही जाते.

ऑटोथ्रॉटलकडे लिव्हर हलवणारी मोटर असते. एक लिव्हर कुठेतरी अडकला तर यंत्रणा हट्टाने दुसरा हलवत राहते, कारण तिला एकूण वेग किंवा थ्रस्टचे लक्ष्य गाठायचे असते. दुसरीकडे ऑटोपायलट उद्भवलेला यॉ (नाकाचे बाजूला वळणे) आणि कल आपल्या परीने सावरत राहतो. केबिनमध्ये कोणाला काही जाणवत नाही आणि असमानता गुपचूप वाढत जाते.

९ जानेवारी २०२१ रोजी जकार्ताहून पाँटियानाककडे निघालेल्या श्रीविजया एअरच्या १८२ क्रमांकाच्या उड्डाणात हेच घडले. बोइंग ७३७-५०० चढत असताना थ्रस्ट कमी करण्याची वेळ आली. उजवा लिव्हर यांत्रिक जोडणीतील घर्षणामुळे मागे आला नाही, त्यामुळे ऑटोथ्रॉटल डावा लिव्हर आणखी आणखी मागे घेत गेले. विमान उजवीकडे वळायला हवे होते, ते डावीकडे कलू लागले. असमान थ्रस्ट ओळखून ऑटोथ्रॉटल सोडवणारी यंत्रणा उशिरा जागी झाली. विमान जावा समुद्रात कोसळले आणि ६२ जणांचा मृत्यू झाला. याआधी ३१ मार्च १९९५ रोजी बुखारेस्टजवळ तारोम या विमानकंपनीच्या एअरबस ए३१० चे उड्डाणही चढाईतच, एक लिव्हर वर अडकलेला आणि दुसरा आयडलकडे सरकत गेलेला, अशा अवस्थेत कोसळले होते. त्यात ६० जण मेले.

म्हणून चढाईत, आणि विशेषतः थ्रस्ट बदलण्याच्या प्रत्येक क्षणी, लिव्हरवर हात असावा. दोन्ही सोबत हलतात का, हे हाताने जाणावे आणि दोन्ही एन-१ सोबत उतरतात का, हे डोळ्यांनी. यंत्रणेवर न विसंबता ओळखता येणारी आणखी एक खूण आहे: ऑटोपायलट चालू असताना सरळ उड्डाणात कंट्रोल व्हील एका बाजूला झुकलेले दिसले, तर ऑटोपायलट कशाशी तरी झगडत आहे. १९ फेब्रुवारी १९८५ रोजी चायना एअरलाइन्सच्या ००६ क्रमांकाच्या बोइंग ७४७एसपीचे चौथे इंजिन ४१,००० फुटांवर जोर देईनासे झाले. त्या ऑटोपायलटकडे रडर नव्हता, तो केवळ एलेरॉनने, म्हणजे विमानाला कल देणाऱ्या पंखांवरील पट्ट्यांनी, विमान सावरत राहिला, आणि तो सोडल्याबरोबर विमान उलटून सुमारे ९,५०० फुटांपर्यंत खाली आले. झुकलेले व्हील दिसले की आधी इंजिनांची मापके पाहावीत, मग पायाने रडर द्यावा आणि त्यानंतरच ऑटोपायलट सोडावा.

एअरबसच्या अलीकडच्या विमानांत चित्र थोडे वेगळे आहे. तिथे स्वयंचलित थ्रस्ट चालू असताना लिव्हर हलत नाहीत. ते ठरलेल्या खाचेत बसलेले असतात आणि संगणक आतून थ्रस्ट बदलतो. जुळवणीचा प्रश्न त्यामुळे खाचेचा प्रश्न होतो. एक लिव्हर चढाईच्या खाचेत आणि दुसरा तिच्या बाहेर राहिला, तर पुढ्यातल्या पडद्यावर पिवळसर अक्षरांत लिव्हर असमान असल्याची सूचना येते. हालचाल दिसत नसल्याने इथे डोळे मापकांवरच ठेवावे लागतात.

समपातळीवर बारीक जुळवणी

समपातळीवर वेग स्थिर झाल्यावर जुळवणी फुरसतीने करता येते आणि तिचे फळही लगेच दिसते. क्रम असा ठेवावा. रडर आणि एलेरॉनचे ट्रिम (त्यांना एका बाजूला धरून ठेवणारी बारीक मांडणी) शून्यावर आणावेत. इंधनाच्या डाव्या-उजव्या टाक्या समान आहेत का, ते पाहावे. ब्लीड आणि बर्फरोधक दोन्ही बाजूंना सारखे असावेत. मग एक इंजिन प्रमाण मानून त्याचा एन-१ किंवा ईपीआर लक्ष्यावर लावावा आणि दुसरे त्याला जुळवावे. दोन-तीन मिनिटे थांबावे; तापमान स्थिरावेपर्यंत आकडे थोडे सरकतात. मगच विमानाला जे काही थोडे वळण उरले असेल ते रडर ट्रिमने काढावे. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी ट्रिम आणि मग थ्रस्ट, तर असमान थ्रस्ट रडरखाली झाकला जातो, विमान किंचित तिरके उडत राहते आणि इंधन वाया जाते.

यॉ निर्माण करणारे घूर्णबल किती असते याचा अंदाज असला की कशाला घाबरायचे आणि कशाला नाही, हे कळते. समजा, इंजिने मध्यरेषेपासून पाच मीटर अंतरावर आहेत आणि समपातळीवर प्रत्येक जण २० किलोन्यूटन थ्रस्ट देत आहे. त्यात पाच टक्के फरक पडला तर एक किलोन्यूटन गुणिले पाच मीटर, म्हणजे पाच किलोन्यूटन-मीटर. उड्डाणाच्या वेळी एक इंजिन ११० आणि दुसरे आयडलजवळ १० किलोन्यूटन देत असेल, तर हाच आकडा ५०० होतो. शंभरपट. पहिल्यासाठी ट्रिमचा थोडा फेर पुरतो; दुसऱ्यासाठी पाय पूर्ण खाली लागतो.

प्रवाशांना मात्र थ्रस्टपेक्षा वेगळीच असमानता आधी कळते, ती म्हणजे आवाजाची लाट. दोन पंखे किंचित वेगळ्या गतीने फिरत असले की त्यांचे आवाज एकमेकांत मिसळून ‘घुऽम... घुऽम’ असा चढउतार ऐकू येतो. सीएफएम५६-७बी इंजिनात १०० टक्के एन-१ म्हणजे मिनिटाला सुमारे ५,१७५ फेरे. एक टक्क्याचा फरक म्हणजे मिनिटाला सुमारे ५२ फेरे, अर्थात दर सव्वा सेकंदाच्या आसपास एक ठोका. फरक ०.२ टक्क्यांवर आणला की ठोके जवळपास सहा सेकंदांना एक इतके विरळ होतात. मापकाचा काटा जिथे थकतो तिथे कान उपयोगी पडतो. काही वैमानिक शेवटची बारीक जुळवणी आवाज ऐकूनच करतात आणि ती पद्धत वाईट नाही. सेसना सायटेशनसारख्या छोट्या जेट विमानांत यासाठी स्वतंत्र सिंक्रोनायझर असतो आणि पंख्याची गती जुळवायची की टर्बाइनची, हे खटक्याने निवडता येते. तो चालू करण्याआधी इंजिने हाताने जवळ आणावी लागतात, कारण त्याचा आवाका थोडाच असतो.

तीन आणि चार इंजिनांच्या विमानात इंजिने जोड्यांनी जुळवावीत: बाहेरची जोडी आपापसांत, आतली आपापसांत. बाहेरच्या इंजिनांची भुजा (मध्यरेषेपासूनचे अंतर) लांब असल्याने त्यांच्यातला फरक विमानाला जास्त वळवतो, म्हणून त्यांची जुळवणी अधिक काटेकोर हवी. शेपटीतले मधले इंजिन विमानाला वळवत नाही, पण त्याला हवा मिळण्याचा मार्ग वेगळा असतो. बोइंग ७२७ च्या तक्त्यांत मधल्या इंजिनाचा ईपीआर वेगळा दिलेला असे. त्याला बाजूच्या इंजिनांच्या आकड्यावर ओढू नये.

उतरताना आणि जमिनीवर टेकताना

खाली येताना इंजिने आयडलवर असतात आणि किरकोळ फरक चालतो. अंतिम टप्प्यात मात्र दोन्ही इंजिने आयडलच्या वर, स्थिर आणि जुळलेली असावीत. गो-अराउंडची, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाण्याची, वेळ आली तर दोन्हींनी सोबत उठावे म्हणून ही काळजी असते. लिव्हर पुढे केल्यापासून आठ सेकंदांत मिळणारा थ्रस्ट धरून विमानाची चढण्याची क्षमता प्रमाणित केलेली असते, आणि आयडलपासून सुरुवात केली तर त्यातले पहिले दोन-तीन सेकंद जवळजवळ काहीच मिळत नाही.

टेकताना सगळे लिव्हर खरोखर आयडलवर आले आहेत का, याची खात्री स्पर्शाने करावी. १७ जुलै २००७ रोजी साओ पाउलोच्या कोंगोन्यास विमानतळावर टाम या विमानकंपनीच्या ३०५४ क्रमांकाच्या ए३२० विमानात डावा लिव्हर रिव्हर्सवर (थ्रस्ट उलटा वळवून विमान थांबवण्याच्या जागी) घेतला गेला आणि उजवा चढाईच्या खाचेतच राहिला. उजव्या इंजिनाचा रिव्हर्सर आधीच बंद करून ठेवलेला होता. एक लिव्हर पुढे असल्याने स्पॉइलर (पंखांवरच्या वेग मोडणाऱ्या पट्ट्या) उघडले नाहीत, स्वयंचलित ब्रेक लागले नाहीत, उजवे इंजिन पुढे ढकलत राहिले. १९९ लोक मरण पावले. एका बाजूचा रिव्हर्सर बंद असतानाही दोन्ही लिव्हर सोबत मागे घेण्याची पद्धत असते, ती अशाच चुका टाळण्यासाठी.

लिव्हरमधले अंतर कसे वाचावे

हे अंतर सहसा मुठीच्या रुंदीत मोजतात: अर्धी मूठ, पाऊण मूठ. परवानगी किती, ते पुस्तिकेत पाहावे. पण केवळ किती अंतर आहे यापेक्षा ते कसे बदलते, हे जास्त बोलके असते.

आयडलपासून वरपर्यंत अंतर तेवढेच राहत असेल, तर संशय जोडणीवर, म्हणजे रिगिंगवर घ्यावा. कुठेतरी केबल किंवा दांडा काही अंश सरकलेला आहे. आयडलला जुळणारे लिव्हर शक्ती वाढेल तसे दूर जात असतील, तर इंधन नियंत्रकाचे समायोजन किंवा इंजिनाची झीज पाहावी. पुढे ढकलताना एक अंतर आणि मागे ओढताना दुसरे, असे दिसले तर केबलमधील ढिलाई, झिजलेली कप्पी किंवा घर्षण, यांपैकी काहीतरी आहे. आणि एन-१ मध्ये फरक दिसतो पण एन-२, ईजीटी, इंधनप्रवाह जुळतात, लिव्हर सरळ आहेत आणि विमानही सरळ उडते, अशा वेळी बहुधा मापक किंवा त्याचा संवेदक बिघडलेला असतो. तिथे लिव्हर हलवून मापके जुळवली तर आपणच असमान थ्रस्ट निर्माण करतो.

श्रीविजया विमानाच्या नोंदींत ऑटोथ्रॉटलच्या तक्रारी पूर्वीपासून होत्या आणि दुरुस्ती बहुतांशी विद्युत जोडण्या साफ करणे व संगणक बदलणे इथवर राहिली. घर्षण यांत्रिक जोडणीत होते. तक्रार ज्या यंत्रणेत दिसते तिथेच दोष असतो असे नाही. ऑटोथ्रॉटल सोडवून लिव्हर हाताने हलवून पाहणे ही पाच मिनिटांची तपासणी आहे आणि ती आधी करावी.

देखभालीची बाजू: आधी रिगिंग, मग ट्रिम

रिगिंग म्हणजे लिव्हर ते इंजिन ही जोडणी बसवणे आणि इथे ट्रिम म्हणजे इंधन नियंत्रकाचे समायोजन; या दोन कामांचा क्रम बदलू नये. रिगिंगमधला दोष ट्रिमच्या स्क्रूने झाकला, तर त्या दिवशी लिव्हर जुळलेले दिसतात आणि इंजिन किंवा नियंत्रक बदलला की दोष दुप्पट होऊन परततो.

रिगिंगमध्ये लिव्हर, मधले ड्रम आणि इंधन नियंत्रकाचा दांडा या सगळ्यांच्या ठरलेल्या छिद्रांत रिग पिना बसवतात. केबलचा ताण टेन्शनमापकाने मोजतात. तो हवेच्या तापमानानुसार तक्त्यातून घ्यायचा असतो, कारण ॲल्युमिनियमचे धड आणि पोलादी केबल सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. सगळ्या पिना जोर न लावता आत जायला आणि बाहेर यायला हव्यात. पीन हातोडीने ठोकावी लागत असेल तर ती दोष दाखवत आहे. शेवटी ‘कुशन’ तपासतात: लिव्हर त्याच्या थांब्याला टेकण्याआधी इंजिनावरचा दांडा आपल्या थांब्याला पोहोचला पाहिजे, दोन्ही टोकांना. लिव्हरने शेवटचा थोडा प्रवास केबल ताणून करावा आणि सोडल्यावर किंचित मागे यावे. दोन लिव्हरचे हे मागे येण्याचे प्रमाणही सारखेच हवे; ते वेगळे असेल तर रिगिंग पुन्हा करावे.

ट्रिमसाठी इंजिन चालवावे लागते. विमानाचे नाक वाऱ्याकडे हवे. मागून येणारा वारा गरम वायू पुन्हा तोंडात ढकलतो आणि सगळे आकडे बिघडवतो. ब्लीड बंद असावे. तापमान इंजिनाच्या तोंडाजवळ, सावलीत मोजावे. दाब त्या जागेचा प्रत्यक्ष दाब असावा. मनोऱ्याने वैमानिकांना सांगितलेला, समुद्रसपाटीवर आणलेला दाब तक्त्यात घातला तर उंचावरच्या विमानतळावर ट्रिम साफ चुकतो, आणि ही चूक आश्चर्य वाटावे इतकी सर्रास होते. जेटी८डीसारख्या इंजिनांवर इंधन नियंत्रकाला अंशशक्तीचा थांबा लावून लिव्हर त्याला टेकवतात, आकडे स्थिर होऊ देतात आणि मिळालेला ईपीआर तक्त्याशी ताडतात. स्क्रू फिरवताना शेवटची हालचाल नेहमी वाढीच्या दिशेने करावी. जास्त फिरला तर पुरेसा मागे घेऊन पुन्हा वर आणावा, म्हणजे आतली ढिलाई एकाच बाजूला बसते. मग आयडल तपासावे, थांबा काढावा आणि तो काढल्याची नोंद दोघांनी पाहावी.

फाडेक इंजिनांवर केबल नाही आणि स्क्रूही नाही. तिथे प्रत्येक इंजिन कारखान्यातील चाचणीकक्षात प्रत्यक्ष थ्रस्ट मोजून तपासलेले असते. एखादे इंजिन त्याच एन-१ ला थोडा जास्त थ्रस्ट देत असेल तर तेवढी दुरुस्ती त्याच्या ओळख-प्लगमध्ये नोंदवली जाते आणि संगणक ती हिशेबात धरतो, जेणेकरून वैमानिकाला सारखे आकडे दिसताना थ्रस्टही सारखा मिळावा. हा प्लग इंजिनासोबत राहायला हवा. नियंत्रक बदलताना प्लग जुन्या पेटीसोबत गेला, तर जुळवणीचा पायाच हलतो.

वैमानिकाने टेक लॉगमध्ये (विमानातील दोषांच्या नोंदवहीत) ‘थ्रॉटल जुळत नाहीत’ एवढेच लिहिले तर जमिनीवरच्या माणसाला काहीच करता येत नाही. कोणता लिव्हर पुढे होता, किती मूठ, कोणत्या एन-१ किंवा ईपीआरला, किती उंचीवर, पुढे नेताना की मागे आणताना, ब्लीड आणि बर्फरोधक कसे होते, ऑटोथ्रॉटल चालू होते की बंद, आणि त्या वेळी दोन्ही इंजिनांची एन-२, ईजीटी व इंधनप्रवाह किती होते, हे सगळे एका नोंदीत मावते.